तीनपेडी

मार्गशीर्षात मालनचा उजवा खांदा धरला.
हात पुढं जायचा, भाकरी थापायचा,
मागं जायचा नाही.
डॉक्टर म्हणाले, गोठलाय. सहा महिने धरून चाला.

शेजारच्या शमीमभाभींनी अकरा दिवस अंबाडा बांधून दिला,
मग त्यांची सून बाळंत झाली.
बाराव्या दिवशी मालन माझ्यापुढं पाठ करून बसली :
'चपलांच्या वेण्या घालता न्हवं जन्मभर?
मग घाला की.'

सुभाषनगरात आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान.
तिथं मी चाळीस वर्षं कातड्याच्या वाद्या विणल्यात,
अंगठ्याच्या, पट्टीच्या,
बोटभर रुंदीत सात पेडांच्याही.
तीन पेड म्हणजे पोराटकीचं काम.
मी ओढलं,
ती किंचाळली :
'अवो, म्हशीचं कातडं न्हवं हे,
माझं डोस्कं हाय!'

कातडं ओलं करून विणायचं असतं,
केस ओले असताना हातही लावायचा नसतो.
एवढा एक फरक डोक्यात शिरायला
मला आठ दिवस लागले.

आता हात आधी धुतो, लिंबाची फोड चोळून,
तरी बाभळीच्या सालीचा वास नखांत राहतोच.
तिनं अजून त्याबद्दल काही म्हटलेलं नाही.
गुंता टोकाकडनं सोडवायचा, मुळाकडनं नाही,
आधी रुंद दातांची फणी, बारीक नंतर.
तेल कोमट. शनिवारी रात्री.
कातडं पितं तेवढंच पाजायचं हे मला ठाऊक होतं,
केसांनाही तेच लागू निघालं,
तेव्हा जरा बरं वाटलं.

शिकेकाई, रिठा, आवळकाठी
लोखंडी कढईत भिजत घालतो मी, झोपायच्या आधी.
बोअरच्या पाण्यानं केस काथ्या होतात,
म्हणून नळाची वाट बघायची.
नळ एक दिवसाआड, पहाटे साडेचारला,
आणि आला तर आला.
गल्लीत सगळ्यांच्या घागरी आधी,
मालनचं डोकं नंतर.
पुसायचं नाही, माझ्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायचं,
ते पाणी टिपतं तोवर चहा.

भांग पाडताना दिसलं,
कानशिलांवर केस विरळ झालेत.
तीस वर्षं तिनं स्वतःच आवळून आवळून घातलेली वेणी,
कामाच्या घाईत, आरशाशिवाय.
'भांग बदलूया का?' मी विचारलं.
'काय नको. लोक काय म्हणतील, म्हातारी नटली.'
दोन दिवसांनी आपणच म्हणाली,
'डावीकडनं पाडून बघा.'

उजव्या कानामागं एक व्रण आहे, तांदळाएवढा.
'हे काय?'
'लहानपणी रापी लागली. दादांच्या हातनं.'
तिच्या माहेरीही हेच काम.
चपलेलाही आम्ही कान काढतो,
रोज वीस-बावीस कान हाताखालनं जातात माझ्या,
आणि हा एक
बत्तीस वर्षं शेजारी झोपलेला.

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्यानं तीन जोड परत केले.
'मामा, वेणी सैल पडाय लागलीय तुमची.'
खरं होतं. रात्री उसवून पुन्हा विणले,
दात-ओठ खाऊन.
सकाळी तेच हात तिच्या केसांत सैल करायचे म्हणजे
हाताला रोज दोनदा सांगावं लागतं,
बाबा, आता कुणाकडं आहेस बघ.

काल ती भिंतीला बोटं लावून हात वर सरकवत होती,
डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम.
'आज कानापातुर गेला बघा हात!
महिन्याभरात माझी वेणी मीच घालतो.'
आमच्याकडं बायका असंच बोलतात, जातो, येतो, घालतो.

मी मोजून बघितलं,
कानापासून मानेपर्यंत अजून चार बोटं.
'व्यायाम कर,' म्हटलं,
'पर उगं ताण देऊ नको.'
आणि फणीत अडकलेले केस
बोटाला गुंडाळत बसलो.